नळीतल्या दोन मिलिमीटरांची गोष्ट

माझ्या एका जुन्या वहीत पुढील नोंद आहे: 'एनफील्ड पद्धतीची ठासणीची बंदूक, तीन कड्यांची. चापाच्या पट्टीवर मुकुट, व्ही. आर., टॉवर, १८६०. नळी आतून पार झिजलेली, खाचा शिल्लक नाहीत. मागची साइट हरवलेली, त्या जागी कुणीतरी साधा ठोकळा बसवला आहे. संग्राह्य मूल्य बेताचे.'

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात, माडीवरच्या खुंटीला ती बंदूक टांगलेली होती. घरातल्या आजोबांनी ती खाली काढून दिली, मी करंगळी नळीत घालून पाहिली, खिशातल्या व्हर्नियरने तोंडाचे माप घेतले आणि ही नोंद केली. माप आले १६.७ मिलिमीटर. मापाचा आकडा वहीत आहे म्हणूनच आज हा लेख लिहिता येतो. बाकी त्या नोंदीतला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष चुकीचा आहे.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली. भोक झिजते कसे आणि रीमर फिरवून मोठे केलेले भोक दिसते कसे, हा फरक ओळखण्याचाच पगार मला मिळत होता. झिजलेली नळी कधी सारखी झिजत नाही. ठासणीच्या बंदुकीत गज घासून घासून तोंडापाशी अंडाकृती होते आणि खोलवर खाचांचा माग उरतोच. माझ्यासमोरची नळी तर नितळ गोल होती. तरीही मी 'झिजलेली' लिहिले, कारण एनफील्ड म्हणजे रायफल हे मी पुस्तकात वाचले होते, आणि रायफलीत खाचा नसतील तर त्या गेल्या असणार, दुसरे काय? कुणी मुद्दाम त्या काढून टाकल्या असतील, हे माझ्या मनातही आले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या बंदुका जमवणे किंवा अभ्यासणे हा आपल्याकडे फारसा रूढ नसलेला नाद आहे. तलवारी, कट्यारी, दांडपट्टा यांच्याविषयी आपल्याला जिव्हाळा आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लोक त्यांच्यापुढे थांबतात. गोऱ्यांच्या शिक्क्याची बंदूक मात्र आपली वाटत नाही. पण त्या शतकात या देशातल्या सामान्य शिपायाच्या खांद्यावर जे होते ते हेच, आणि राज्यकर्त्यांच्या मनात त्याच्याविषयी काय होते ते या लोखंडात कोरलेले आहे. ते वाचायचे कसे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी एनफील्ड. १८५३ साली ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेल्या या बंदुकीची नळी ३९ इंच लांब आणि आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.७ मिलिमीटर. आत तीन उथळ खाचा, ७८ इंचांत एक पूर्ण फेरा घेणाऱ्या. म्हणजे नळीच्या लांबीत बरोबर अर्धा फेरा. तेवढ्या अर्ध्या फेऱ्याने गोळीला स्वतःभोवती गती मिळते आणि ती सरळ जाते. त्यापूर्वीच्या गुळगुळीत नळीच्या ब्राऊन बेस बंदुकीने शंभर यार्डांपलीकडे माणसाला नेमके टिपणे हा नशिबाचा भाग होता. एनफील्डच्या मागच्या साइटवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. साधा शिपाई नऊशे यार्डांवर काय टिपणार, हे सोडून द्या. पण तीनशे यार्डांवर तो धोकादायक झाला, आणि युद्धाचा नकाशा तेवढ्याने बदलला.

रायफल काही नवी नव्हती. अडचण ठासण्याची होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकत आत घालायची तर वेळ जातो, आणि चार-सहा बार झाल्यावर दारूची काजळी साचून ती सरकतच नाही. यावर तोडगा निघाला तो गोळीच्या आकारात. गोळी लांबट, नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ. ती सहज आत उतरते आणि बार उडताना मागून आलेल्या दाबाने तिचे बूड फुगून खाचांत रुतते. एनफील्डची गोळी कागदासकट आत जाई आणि तो कागद सरकावा म्हणून त्याला चरबी लावलेली असे. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण चरबी मुळात का लागत होती, हे मला तरी कोणत्या गुरुजींनी सांगितले नाही. ती खाचांसाठी लागत होती.

गंमत अशी, की उठावाच्या वेळी बंगाल फौजेतल्या बहुतेक शिपायांच्या हाती एनफील्ड पोचलीच नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे तिचे शिक्षण नुकते सुरू झाले होते. मेरठला २४ एप्रिल १८५७ च्या कवायतीत ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसे घ्यायला नकार दिला ती जुन्याच पद्धतीची होती. संशय इतका पसरला होता की बंदूक कोणती, हा प्रश्नच उरला नव्हता.

उठाव मोडला. कंपनी गेली, राणीचे राज्य आले. १८५९ साली पील आयोगाने फौजेची नवी घडी सुचवली: बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मुंबई-मद्रासमध्ये तिनामागे एक. काही पहाडी तोफखान्यांसारखे अपवाद सोडून तोफा गोऱ्यांच्याच हाती ठेवायच्या. हे सगळे इतिहासाच्या पुस्तकांत असते. त्यांत सहसा नसते ते असे, की त्याच काळात हिंदी पलटणींसाठी एक वेगळी बंदूक काढण्यात आली. बाहेरून हुबेहूब एनफील्ड: तीच लांबी, त्याच तीन कड्या, तोच चाप, तीच संगीन. आतून मात्र खाचा काढून टाकलेल्या आणि नळी ०.६५६ इंचांपर्यंत मोठी केलेली. नऊशे यार्डांची उभी होणारी साइट गाळून तिच्या जागी एक खाचेचा साधा ठोकळा. १८५८ चा नमुना म्हणून ती ओळखली जाते.

०.६५६ इंच म्हणजे १६.६६ मिलिमीटर. वाड्यावरच्या बंदुकीचे माझे माप १६.७ होते.

मूळ नळी आणि ही नळी यांच्यात फरक दोन मिलिमीटरांचा. म्हणजे भिंतीतून सगळीकडून एक-एक मिलिमीटर कातलेला. कारागिराच्या नजरेने पाहिले तर हे वाईट काम आहे. बाहेरचा व्यास तोच ठेवून आतून धातू काढला तर तोंडापाशी भिंत पातळ होते. तसेच झाले. या नळ्या पोचायच्या, फुगायच्या. म्हणून वर्षभरातच १८५९ चा नमुना काढावा लागला: भोक तेच, गुळगुळीतपणाही तोच, फक्त भिंत जाड. ही दुरुस्ती मला फार बोलकी वाटते. नळी पातळ पडते हे लक्षात आल्यावर सोपा उपाय होता, तो म्हणजे मूळची रायफलच देणे. तसे न करता नवी जाड नळी घडवण्याचा खर्च त्यांनी पत्करला.

दोन्ही बंदुका शेजारी ठेवल्या तर दहा पावलांवरून फरक कळत नाही. कवायतीच्या मैदानावर गोरी पलटण आणि काळी पलटण सारखीच सजलेली दिसे. फरक नळीच्या अंधारात होता, आणि शिपायाला तो गज घालताना रोज हाताला लागत असणार. सगळ्यांनाच ही बंदूक मिळाली असे नाही; गुरखा रायफल पलटणींसारख्या विश्वासातल्या तुकड्या वेगळ्या होत्या. पण रिवाज पडला तो टिकला. पुढे १८६० च्या दशकात जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या युक्तीने एनफील्डची मागची बाजू कापून तीत झाकण बसवले गेले आणि काडतूस मागून भरता येऊ लागले. १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली. हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली ती गोऱ्यांच्या हाती मार्टिनी येऊ लागल्यावर, आणि मार्टिनी मिळाली ती गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळू लागल्यावर. नेहमी एक पिढी मागे.

२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे मुंबई फौजेच्या ब्रिगेडचा दारुण पराभव झाला. त्या एकाच रांगेत ६६ वी ही गोरी पलटण मार्टिनी घेऊन उभी होती, तर मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स स्नायडर घेऊन. पराभवाची कारणे अनेक आहेत. पाणी, ऊन, तोफा, सेनापतीचे निर्णय. सगळे खापर बंदुकीवर फोडणे योग्य नाही. पण मैवंदची वर्णने वाचताना 'हिंदी पलटणींनी कच खाल्ली' हे वाक्य वारंवार भेटते आणि त्यांच्या हातात काय होते याचा उल्लेख क्वचितच.

त्याआधी दोनच वर्षे, १८७८ साली, लिटनच्या सरकारने शस्त्रकायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपियनांना त्यातून सूट. आमच्या वाड्यावाड्यांतून जी शस्त्रे नाहीशी झाली, विहिरीत गेली, भिंतीत गाडली गेली, ती या आणि त्याआधीच्या निःशस्त्रीकरणाच्या काळात. म्हणूनच एखादी बंदूक खुंटीवर उरलेली दिसली की ती तिथे का उरली, हा पहिला प्रश्न पडला पाहिजे.

माझ्याकडे स्वतःकडे एकही बंदूक नाही, हे सांगून टाकतो. आपल्या १९५९ च्या शस्त्रकायद्याचे ४५ वे कलम जुन्या, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देते, पण दुरुस्त करूनही ते अग्न्यस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशीच त्याची स्थिती असावी लागते. ठासणीची बंदूक ही तर मुळात साधीसुधी गोष्ट. कोकणात आजही शेतराखणीच्या परवान्यावर ती वापरतात. तेव्हा शंभर-दीडशे वर्षांची आहे म्हणून ती आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. मी जमवतो ती मापे, फोटो आणि ठसे. पातळ कागद धातूवर ठेवून वरून पेन्सिल घासली की अर्धवट पुसलेला शिक्काही उठतो. लहानपणी नाण्यांवर करायचो तेच. डी. एफ. हार्डिंग यांचे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवरचे चार खंड हाती आल्यापासून माझी निम्मी भटकंती घरबसल्या होते, पण करंगळीचे काम पुस्तक करत नाही.

कुठे पाहायचे? चापाची पट्टी सगळ्यांत आधी. कंपनीच्या जुन्या बंदुकांवर चार भाग केलेले बदामाच्या आकाराचे चिन्ह असते. १८०८ च्या सुमारापासून त्या जागी मागच्या पायांवर उभा राहून पंज्यांत मुकुट धरलेला सिंह येतो. कंपनी गेल्यावर सिंहही जातो आणि नुसता मुकुट उरतो. मग दस्त्यावरची पितळी पाटी: तिथे पलटणीचे नाव आणि हत्याराचा क्रमांक कोरलेला असतो. मग लाकूड. बाजारात ज्याला डाग म्हणतात त्यातच बरीचशी माहिती असते, आणि व्यापारी पहिले काम करतात ते पॉलिशपेपर मारण्याचे. चकचकीत बंदूक पाहिली की माझे मन खट्टू होते. याउलट बनावट मालाचे म्हणाल तर काहींची मजाच वाटते. सरहद्दीपलीकडच्या बाजारांत हाताने घडवलेल्या मार्टिनींवर 'व्ही. आर.' कोरून खाली १९०१ नंतरचे साल टाकलेले असते, किंवा इंग्रजीतला 'एन' उलटा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, ही बातमी त्या लोहारापर्यंत पोचली नसावी.

संग्राहकांच्या जगात मात्र किंमत ठरते ती दुर्मिळतेवर आणि अवस्थेवर. एनफील्डला मागणी आहे कारण अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ती लाखोंनी वापरली. खाचांची, उभ्या साइटची, लाकडाला लकाकी असलेली हवी. खाचा नसलेली हिंदी बनावटीची बहीण त्यांच्या यादीत 'गुळगुळीत नळी, कमी किंमत' एवढ्यावर आटोपते. मी वहीत लिहिले होते त्याहून ते फारसे वेगळे नाही.

विश्वास कुणावर आणि किती, याचा हा हिशेब एका छपराखाली मांडलेला कुठे असेल तर तो काठमांडूत होता. 'होता' म्हणतो, कारण आता तो तिथे नाही.

शिलेखाना हा शब्द आपल्याला अठरा कारखान्यांच्या यादीतून माहीत आहे. नेपाळीतही तो थोड्या फरकाने आहे. काठमांडूच्या लगन भागात एका जुन्या वाड्यात नेपाळी फौजेचा असा शिलेखाना होता. राणा घराण्याच्या राजवटीत जे जे हत्यार कालबाह्य झाले ते तिथे रचून ठेवले गेले. नेपाळचा शस्त्रपुरवठा हिंदुस्थानातून, म्हणजे इंग्रजांच्या मर्जीवर. प्रत्येक बंदूक मिनतवारीने मिळालेली, मग टाकणार कशी? ब्राऊन बेसच्या थप्प्या, ब्रन्सविक रायफली, एनफील्ड पद्धतीच्या ठासणीच्या बंदुका, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, तोफा, संगिनी, कुकऱ्या. वाळलेल्या ग्रीसचा थर, त्यावर शतकाची धूळ, काही ठिकाणी खचलेले छप्पर.

यातल्या काही बंदुका तिथे कशा आल्या, हे मराठी माणसाने शांतपणे ऐकावे. १८५७-५८ साली जंगबहादुर राणा आठ-नऊ हजार फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीला लखनौपर्यंत उतरला. बदल्यात नेपाळला १८६० मध्ये तराईचा पश्चिम भाग परत मिळाला आणि इंग्रजांचा स्नेह मिळाला, ज्याच्या मागोमाग हत्यारेही आली. त्याच जंगबहादुराने नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या बायकांना काठमांडूत आसरा दिला आणि बेगम हजरत महललाही. बेगम १८७९ साली तिथेच वारली. पेशव्यांच्या जडजवाहिराचा मोठा भाग त्याच्याच तिजोरीत गेला. त्याला उपकारकर्ता म्हणायचे की सौदागर, यावर मी अनेकदा विचार केला आहे आणि दोन्ही म्हणायची तयारी ठेवली आहे.

स्नेह असला तरी विश्वास बेताचाच. नवी मार्टिनी-हेन्री नेपाळला सहजासहजी द्यायला इंग्रज तयार नव्हते. गुरखा भरतीची मुभा आणि शस्त्रे यांची घासाघीस बीर शमशेरच्या काळात दीर्घकाळ चालली. तेव्हा बीर शमशेरचा मुलगा गहेंद्र शमशेर याने काठमांडूतच रायफल घडवली. बाहेरून मार्टिनीसारखी, तेच ०.५७७-४५० चे काडतूस, पण आतली रचना निराळी: मार्टिनीत गुंडाळीची स्प्रिंग, गहेंद्रीत पट्टीची स्प्रिंग आणि आत लपलेला घोडा. वेस्टली रिचर्ड्सच्या सुधारित मार्टिनीवर ती बेतलेली आहे. हातकाम इतके, की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. म्हणून सुट्या भागांवर क्रमांक कोरलेले. आजचे जाणकार ती झाडू नका म्हणून बजावतात. त्याहून अचाट त्याची बीरा तोफ. अमेरिकन गार्डनर यंत्रतोफेवरून घेतलेली, दोन नळ्यांची, हाताने फिरवायची, वर गोल डबा. राजा पृथ्वी वीर विक्रम याच्या नावावरून तिचे नाव. ती लढाईत कितपत उपयोगी पडली असती याविषयी मला शंकाच आहे. पण ज्या खोऱ्यात गाडीरस्ता पोचला नव्हता तिथे हे यंत्र ओतले, कातले आणि जुळवले गेले, ही साधी गोष्ट नाही. टूलरूमच्या माणसाला तरी नाही वाटत.

२००३ साली हा शिलेखाना विकला गेला. इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी मिळून तो घेतला. सुमारे पन्नास हजार बंदुका. त्यांतले ख्रिश्चन क्रॅनमर यांनी या खरेदीवर पुस्तकही लिहिले आहे. त्या शिलेखान्याचा सुगावा त्यांना कितीतरी वर्षे आधी लागला होता. खरेदी शक्य झाली यामागे अमेरिकी कायद्यातली एक रेघ आहे: १८९८ पर्यंत घडवलेली बंदूक तिथे पुरातन वस्तू, तिला संघराज्याचा परवाना लागत नाही.

ज्या गहेंद्री रायफलीचे नावही पाश्चात्त्य संग्राहकांपैकी मोजक्यांना माहीत होते, ती एकाएकी घरपोच मिळू लागली. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. छप्पर खचत होते, लोखंड गंजत होते, आणि वितळवून भंगारात काढणे हाही पर्याय होताच. ज्यांनी विकत घेतल्या त्यांनी ग्रीस खरवडले, मापे घेतली, फोटो काढले. आज गहेंद्र शमशेरविषयी जे माहीत आहे त्यातले बरेच या हौशी माणसांमुळे.

पण पेशवे दफ्तराची कल्पना करा. रुमाल सोडले, प्रत्येक कागद वेगळा केला, अक्षर सुरेख असलेले शंभराला, डाग पडलेले दहाला, असे जगभर विकले. कागद वाचतील, कदाचित आपल्याकडच्यापेक्षा बरे वाचतील. मात्र कोणता कागद कोणाच्या शेजारी होता हे गेले. शिलेखान्यातल्या थप्प्यांचे तसे झाले. कोणत्या पलटणीकडे कोणत्या साली काय होते, कुणाला चांगले मिळाले आणि कुणाला उरलेसुरले, हे रचनेवरून कळू शकले असते. आता एक ओहायोत, एक केंटमध्ये, एक कुणाच्या दिवाणखान्यात शेकोटीवर.

उरला आहे तो कोरीव मजकूर, आणि तो देवनागरीत आहे. या कामात मी शिरलो तो एवढ्याच भांडवलावर. परदेशातल्या एका संग्राहकाने ओळखीतून मला नळीवरच्या अक्षरांचा फोटो पाठवला. व्यापाऱ्याच्या वर्णनात 'संस्कृत मंत्र' असे होते. ते पलटणीचे नाव होते. नेपाळी पलटणींची नावे देवदेवतांची असतात. पृथ्वीनारायण शाहने १७६२ साली उभारलेल्या पहिल्या पाच कंपन्यांची नावेच पाहा: श्रीनाथ, कालीबक्स, बर्दबहादुर, सबुज, पुरानो गोरख. परक्याला ते मंत्र वाटले तर नवल नाही. 'श्री' पुढचा आकडा हाही असाच एक चकवा. श्री ३ म्हणजे राणा पंतप्रधान, श्री ५ म्हणजे राजा. तो हत्याराचा क्रमांक धरून चालत नाही.

सालांची गोष्ट तर कायद्यापर्यंत जाते. बंदुकीवर १९५४ असे कोरलेले. देवनागरी आकडे वाचायला शिकलेल्या एका गृहस्थाला वाटले की हे इसवी सन, म्हणजे ही १८९८ नंतरची, म्हणजे परवाना हवा. ते घाबरून गेले होते. ते विक्रम संवत. सत्तावन्न वजा करायचे, १८९७-९८. मी कळवल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा, कारण पुढच्या टपालाने मला पुस्तक आले. खरा पेच आहे तो संवत १९५५ चा. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलते, त्यामुळे १९५५ हे साल एप्रिल १८९८ पासून एप्रिल १८९९ पर्यंत जाते. महिना कोरलेला नसेल तर तीच बंदूक रेघेच्या अलीकडचीही असू शकते आणि पलीकडचीही. मी अशा फोटोंना उत्तर देताना दोन्ही शक्यता लिहितो आणि पुस्तकाची वाट पाहत नाही.

वाचताना मीही फसलो आहे. नेपाळी वळणाचे पाच, आठ आणि नऊ आपल्यासारखे नाहीत, आणि लोखंडावर छिन्नीने ठोकलेला आकडा बोरूच्या वळणाने वाचता येत नाही. सुरुवातीच्या माझ्या वाचनांपैकी काही मी नंतर पत्र पाठवून मागे घेतली. काठमांडूच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन आल्यावर वळणे बरीच डोळ्यांत बसली. ते संग्रहालयही मुळात छाउनीचा शिलेखानाच. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हे काम जमेल. चार-दोन लोक मिळाले तर विखुरलेल्या बंदुकांची पलटणवार यादी पुन्हा जुळवता येईल. माझ्या यादीत आज दोनशेच्या आत नोंदी आहेत, आणि पन्नास हजारांपुढे ते काहीच नाही.

नळीच्या खाचांचा उलगडा मला झाला तेव्हा वाड्याला भेट देऊन अकरा वर्षे लोटली होती. हार्डिंग यांचे खंड १८५६ पर्यंतच येतात, म्हणून पुढचे धागे दुसऱ्या पुस्तकांतून शोधत होतो, तेव्हा ०.६५६ हा आकडा समोर आला आणि मी वही काढली. पुढच्याच रविवारी साताऱ्याची गाडी धरली.

आजोबा गेले होते. परवाना त्यांच्या नावावर, तो मुलाच्या नावावर करून घ्यायला कुणाला सवड झाली नाही, आणि घरात बिनपरवान्याचे हत्यार नको म्हणून बंदूक पोलिसांकडे जमा केलेली. मी तिथेही गेलो. रजिस्टरमध्ये 'जुनी ठासणीची बंदूक, नग एक, नादुरुस्त' अशी नोंद सापडली. बंदूक सापडली नाही. जमा झालेली जुनी हत्यारे ठरावीक काळानंतर नष्ट करण्यासाठी पाठवतात, तशी गेली असेल, असे तिथल्या हवालदाराने सांगितले. त्याने मला चहा पाजला आणि ती बंदूक इतकी किमती होती का, म्हणून विचारले. मी नाही म्हणालो, कारण बाजारभावाने ती किमती नव्हतीच.

माझ्याकडे त्या बंदुकीचे तीन फोटो आहेत. चापाची पट्टी आहे, पूर्ण लांबी आहे, खुंटीवर टांगलेली आहे. दस्त्यावरच्या पितळी पाटीचा फोटो नाही. तिच्यावर काहीतरी कोरलेले होते हे आठवते. झिजलेल्या बंदुकीवर कोण वेळ घालवणार, म्हणून मी पेन्सिल घासली नव्हती. ती कोणत्या पलटणीच्या शिपायाची होती आणि वाड्यापर्यंत कशी आली, हे त्या पाटीवरून कदाचित कळले असते. वहीतली जुनी नोंद मी खोडलेली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिले आहे: 'हिंदी पलटणींसाठीचा १८५८ किंवा १८५९ चा नमुना. नळी झिजलेली नाही. साइट हरवलेली नाही. भिंतीची जाडी मोजलेली नाही, त्यामुळे दोहोंपैकी कोणता ते ठरवता येत नाही.'